पेन खिशात

सकाळी ७.४५

नऊच्या क्लिनिकसाठी रुग्ण निवडणं हे माझं दिवसातलं पहिलं काम. दुसऱ्या वर्षाची नवी बॅच मेडिसिनच्या पोस्टिंगला आली की शिकवणारे सहसा ‘चांगल्या केसेस’ हेरून ठेवतात. बोटांना लागणारी प्लीहा, स्टेथोस्कोप टेकताच ऐकू येणारा मर्मर, पोटात साठलेलं पाणी. परीक्षेत हेच विचारतात, म्हणून मुलंही हेच मागतात. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम असा रुग्ण शोधते, ज्याच्या अंगावर दाखवण्यासारखं फारसं काही नाही. हाताला काही लागणारच नसेल, तर कान देण्यावाचून मुलांना गत्यंतर राहत नाही.

मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी मेडिसिन शिकवते. स्त्रियांच्या वॉर्डात या वेळी रात्रपाळीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरांना ओव्हर देत असतात, मावशी फरशी पुसत असतात, नातेवाईक चहाचे थर्मास घेऊन आत येत असतात. खाटा भरलेल्या, उरलेले रुग्ण जमिनीवरच्या गाद्यांवर. एकांत इथे आयता मिळत नाही, तो शोधून ठेवावा लागतो. पुढे गरज पडेल म्हणून मी सिस्टरांना आताच विचारते, साडेनऊला ड्रेसिंगची खोली मिळेल का.

रुग्णाची परवानगी मी स्वतः मागते. “मावशी, नऊ वाजता माझी मुलं शिकायला येतील, तुमच्याशी बोलतील. चालेल का? नको असेल तर नाही म्हणा. तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही.” यातलं शेवटचं वाक्य मी कधीही गाळत नाही. सरकारी रुग्णालयात मोफत उपचार घेणाऱ्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे, हे त्याला सहसा कुणी सांगितलेलंच नसतं. आज खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या, “नको बाई, आज जीव न्हाई बोलायला.” मी त्यांचे आभार मानले आणि पुढच्या खाटेकडे गेले. तिथल्या मावशी लगेच तयार झाल्या. त्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार आहेत, हंगाम संपवून नुकत्याच गावी परतलेल्या. उलट्या, ताप आणि पाचशेच्या वर गेलेली साखर घेऊन दाखल झाल्या होत्या. आता बऱ्या आहेत, उठून बसतात.

८.३०

युनिटचा राउंड. रात्रीच्या ॲडमिशन, रिपोर्ट, कुणाची सलाइन बंद करायची, कुणाला सोडायचं. याबद्दल इथे सांगण्यासारखं फार नाही. पण मावशींचा केसपेपर चाळताना त्यावरचा एक शब्द मी लक्षात ठेवते. ‘नॉन-कम्प्लायंट’. औषधं सांगितल्याप्रमाणे घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द एकदा कागदावर चढला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तो उतरवून घेतो आणि त्यामागचं कारण विचारायचं काम तिथेच संपतं.

९.१०

मुलं खाटेभोवती जमतात. ॲप्रन नवे, खिशात वही, वहीत हिस्ट्रीचा साचा. नाव, वय, मुख्य तक्रार, ती किती दिवसांची, पूर्वीचे आजार, घरातले आजार, सवयी. साचा चांगलाच आहे. कितीतरी पिढ्यांच्या अनुभवातून तो घडला आहे आणि मुलांनी तो पाठ करावा असं मलाही वाटतं. मात्र ऐकलेली माहिती डॉक्टरने डोक्यात कशी लावायची, याचा तो क्रम आहे. माणूस आपलं दुखणं या क्रमाने सांगत नाही. मुलं साचा हीच प्रश्नावली समजून वाचू लागतात, आणि समोरचा माणूस ‘हो’, ‘नाही’, ‘आठ दिवस’ एवढंच बोलायला शिकतो.

म्हणून पहिल्या आठवड्यापुरते माझे नियम ठरलेले आहेत. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, स्टूल ओढून बसायचं. आपलं नाव सांगायचं, विद्यार्थी आहोत हे सांगायचं. रुग्ण कुणीही असो, ‘तुम्ही’ म्हणायचं. रुग्णाने ‘तू’, ‘लेकरा’, ‘पोरी’ म्हटलं तर ती त्याची माया, आपण मात्र अहो-जाहोवरच राहायचं. मग एकच प्रश्न, “काय काय झालं, अगदी सुरुवातीपासून सांगा.” त्यानंतर दोन मिनिटं पेन खिशात आणि तोंड बंद. हुंकार चालतो.

आज लातूरची विद्यार्थिनी स्टुलावर बसली. मावशींनी उलट्यांपासून सुरुवात केली, मग तापावर आल्या, मग म्हणाल्या, “साखर चार वर्सांची हाय. सुई घेते. पण सकाळची न्हाई घेत, संध्याकाळचीच घेते.”

“का नाही घेत?” हा प्रश्न मुलीच्या ओठांवर आलेला मला दिसला. मी मान हलवून तिला थांबवलं. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न डॉक्टरच्या तोंडून आला की मराठी कानाला तो जाब वाटतो. माणूस मग बचाव करू लागतो, आणि बचावात खरं कारण सापडणं कठीण. मुलीने नुसतं “बरं” म्हटलं आणि वाट पाहिली. मावशी थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या, मग आपणहून बोलू लागल्या.

“पहाटं चारला फडात जावं लागतंय. सुई टोचून गेलं की भाकरीला अकरा वाजत्यात. मागल्या साली मोळी उचलताना डोळ्यापुढं अंधारी आली. समद्या अंगाला घाम, कोयता हातातून गळून पडला. मालकांनी चहात साखर घालून पाजली तवा शुद्ध आली. खाडा पडला की मुकादम पैसं कापतंय. तवापासून सकाळची सुईच सोडली बघा.”

मुलं गप्प झाली. मग मी त्यांना विचारलं, यात चूक काय? तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन टोचल्यावर अर्ध्या तासात खाणं पोटात जायला हवं. खाणं सात तासांनी, मधे ऊसतोडीसारखं अंगमेहनतीचं काम. साखर खाली जाणारच. ती किती खाली गेली हे मोजायला तिथे यंत्र नव्हतं. मावशींनी लक्षण ओळखलं, कारण ओळखलं आणि आपल्या ताकदीत होता तो उपाय केला. डोसाची वेळ ज्या दिवसासाठी लिहिली होती, तो दिवस त्यांच्या आयुष्यात नव्हताच. केसपेपरवरच्या त्या एका शब्दाने हे सगळं झाकून टाकलं होतं.

एक गोष्ट अजून राहिली होती. ताप कुठून आला? लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला होता. तो का झाला असावा, याबद्दल मुलग्यांच्या घोळक्यात कुणी काही बोलणार नव्हतं. ड्रेसिंगची खोली रिकामी होती. दोन विद्यार्थिनी मावशींना घेऊन आत गेल्या, मी दाराशी उभी राहिले. “फडात बायामाणसानं जायचं कुठं? म्हणून पाणीच कमी प्यायचं,” असं त्यांनी सांगितलं. दिवसभर लघवी तुंबवून ठेवायची, कोपीवर परतल्यावर अंधार पडला की मोकळं व्हायचं. डायबिटीस, कमी पाणी, तुंबवलेली लघवी, त्यातून संसर्ग, संसर्गाने वाढलेली साखर. दाखल होण्यापर्यंतचा सगळा रस्ता दोन खोल्यांत मिळून वीस मिनिटांत मुलांना कळला. प्रयोगशाळेतला कोणताही रिपोर्ट हा रस्ता दाखवू शकला नसता.

मी मुलांना वारंवार सांगते की रुग्णाला बोलू देणं ही आपण त्याच्यावर केलेली मेहेरबानी समजू नका. ही तपासणी आहे. जशी नाडी बघता, जसं पोट चाचपता, तशीच ही. ती नीट केली नाही तर निदान अर्धं राहतं.

१०.४५

ओपीडीकडे जाताना केरळचा एक विद्यार्थी सोबत चालतो. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी मराठीचे धडे मिळतात. तो व्याकरणशुद्ध बोलतो आणि तरी रुग्णापाशी अडतो. त्याच्या वहीत त्याने दुखण्याचे शब्द जमवले आहेत आणि प्रत्येकापुढे तो मला अर्थ विचारतो. ठणकतं, म्हणजे आत पू धरला असेल. कळ येते, म्हणजे पिळवटून येते आणि सुटते, आतडं किंवा मूत्रनलिका. जळजळ, आग, चमक, मुंग्या, भरून येणं. ‘जीव घाबरा होतो’ याखाली त्याने पुष्कळ जागा मोकळी सोडली आहे, आणि ते बरोबरच आहे. हृदय, थायरॉइड, रक्तक्षय, काळजी, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. त्याला म्हटलं, रुग्ण जो शब्द वापरतो तोच केसपेपरवर आधी लिही, अवतरणचिन्हात. भाषांतर मागाहून कर.

११.००

ओपीडी. बाहेरची रांग जिन्यापर्यंत गेलेली. चार विद्यार्थी माझ्या टेबलापाशी, बाकीचे इतर सहकाऱ्यांकडे.

सकाळच्या वॉर्डात मुलं जे शिकली ते इथे टिकतं की नाही, हे ठरतं. कारण इथे वेळ नाही, आणि वेळ नसताना आम्ही मोठे डॉक्टर कसे वागतो ते मुलं डोळ्यांनी टिपतात. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ६७ देशांतल्या प्राथमिक सेवेत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याची आकडेवारी एकत्र केली होती. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. आमच्या ओपीडीत उभ्या राहिलेल्या कुणालाही तो खोटा वाटणार नाही.

पण कमी वेळ हे मधे तोडण्याचं कारण ठरत नाही. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेत ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. त्यातल्या फक्त २३ टक्के भेटींत रुग्णाला आपलं पहिलं म्हणणं पूर्ण करता आलं होतं. डॉक्टरने मधे तोडलं ते सरासरी अठराव्या सेकंदाला. मग तोडलंच नाही तर रुग्ण बोलतच राहतो का? स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ लांगेविट्झ आणि सहकाऱ्यांनी हेच पाहिलं. २००२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३५ रुग्णांना डॉक्टरांनी बोलू दिलं आणि गुपचूप वेळ मोजली. रुग्ण आपणहून थांबले ते सरासरी ९२ सेकंदांनी. दर पाचांतले जवळपास चार जण दोन मिनिटांच्या आत.

म्हणून माझ्या टेबलावर एका विद्यार्थ्याच्या हातात घड्याळ असतं. रुग्ण बोलायला लागला की मोजायचं, तो स्वतः थांबला की आकडा लिहायचा. सांगायचं कुणाला नाही. मुलांना नवल वाटतं ते रुग्ण किती लवकर थांबतात याचं.

आज भाजीची हातगाडी चालवणारे एक काका आले. “गॅस धरतोय छातीत,” म्हणाले. शेजारी बसलेल्या इंटर्नचा हात सवयीने ॲसिडिटीच्या गोळीकडे वळला होता, कागदावर पहिलं अक्षर उमटलंही होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि काकांना म्हटलं, “सांगा.” मेडिकलवाल्याने दिलेली पुडी, ढेकर, तिखट बंद केलं तरी फरक नाही, हे सगळं झाल्यावर ते म्हणाले, “चढाला गाडी रेटताना धरतो. थांबलो की सुटतो. उताराला काय सुदिक नाय.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “पंधरा दिवसांमागं दोन चढ चढून जायचो. आता पयल्यालाच थांबावं लागतंय.”

इंटर्नने कागदावरचं अक्षर खोडलं. श्रमाने येणारं, विश्रांतीने जाणारं आणि दिवसेंदिवस वाढत चाललेलं छातीतलं दुखणं. शांत बसल्यावर काढलेला ईसीजी अशा माणसाचा अगदी साधा निघू शकतो. ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ८० नव्या रुग्णांचा अभ्यास केला होता. त्यातल्या ६६ जणांचं अखेरचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हिस्ट्री ऐकूनच झालं होतं. अंगाच्या तपासणीने आणि प्रयोगशाळेने प्रत्येकी सातांचं बदललं. त्यानंतरच्या काळात यंत्रं पुष्कळ सुधारली. पण कोणतं यंत्र कुणासाठी मागवायचं, हे अजूनही काकांच्या त्या एका वाक्यावरच ठरतं.

काकांना आजच दाखल करायचं होतं. ते तयार होईनात. हृदयाबद्दल आम्ही सांगितलेलं त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तरी म्हणाले, उद्या येतो. विद्यार्थ्याने विचारलं, “आज काय अडचण आहे, काका?” आज मेथी आणि कोथिंबीर गाडीवर तशीच होती, गाडी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर. मुलाला फोन लावून दिला, तो गाडी न्यायला निघाला, मग काकांनी कागदावर सही केली. माणूस नकार देतो तेव्हा त्याला आजार कळलेला नसतो, असंच आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याला तो कळलेला असतो आणि दुसरं काहीतरी आपल्याला कळायचं राहिलेलं असतं.

ओपीडीतली आणखी एक सवय. “अजून काही त्रास?” असं विचारलं की “नाही” येतं. कारण विचारणाऱ्याचा हात तोवर पुढच्या केसपेपरवर गेलेला असतो. “आणखी काय सांगायचं राहिलंय?” असं विचारून थांबलं की राहिलेलं बाहेर येतं. आज एका ताईंनी डोकेदुखीच्या गोळ्या हातात घेतल्यावर या प्रश्नाला उत्तर देताना नवऱ्याच्या मारहाणीचं सांगितलं. त्यांना समाजसेवा अधीक्षकांकडे घेऊन विद्यार्थिनीच गेली.

१.३०

डबा. सहकाऱ्यांसोबत पुन्हा तोच वाद. एक जण म्हणतात, मुलांना सांगा, नीट बोललात तर मार खाणार नाही. म्हणजे ती मनावर घेतील. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेली अमानुष मारहाण आणि त्यानंतर राज्यभरातल्या निवासी डॉक्टरांनी घेतलेली सामूहिक रजा आम्हा सगळ्यांना आठवते. ती भीती खरी आहे. पण संवाद हा स्वतःच्या बचावासाठी शिकायचा, असं सांगितलं तर रुग्ण म्हणजे संभाव्य हल्लेखोर, हेच पहिल्यांदा शिकवलं जातं. मारहाण थांबवायची तर मनुष्यबळ, सुरक्षा, औषधं, खाटा हव्यात. ती मागणी वेगळी करायची आणि मोठ्याने करायची. तिचं ओझं विशीतल्या मुलांच्या बोलण्याच्या पद्धतीवर टाकणं मला मान्य नाही.

२.००

ॲटकॉमचा तास. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा हा अभ्यासक्रम मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१८ मध्ये पुस्तिकेच्या रूपात आणला, आणि २०१९ साली प्रवेश घेतलेल्या बॅचपासून तो सगळ्या देशात लागू झाला. त्याआधी यासाठी वेगळा तासच नव्हता. कुणा चांगल्या शिक्षकाच्या युनिटमध्ये गेलात तर शिकलात. तास मिळाला ही मोठी गोष्ट झाली. मात्र दोनशे मुलांसमोर स्लाइड दाखवून हे शिकवता येत नाही, म्हणून आम्ही छोटे गट करतो आणि पेशंट बोलावतो, खोटे.

खऱ्या माणसाला शिकवून-पढवून रुग्ण बनवायची कल्पना हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजीच्या प्राध्यापकाची, लॉस एंजेलिसमधली, १९६३ सालची. आमच्याकडे शहरातल्या हौशी नाट्यसंस्थेतल्या दोघी येतात. एक निवृत्त शिक्षिका, राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्या. दुसरी महाविद्यालयात शिकणारी मुलगी. प्रसंग मी लिहून देते, पाठांतर मात्र करू देत नाही. सून तेवीस वर्षांची, तीन आठवड्यांचा खोकला, रात्रीचा ताप, वजन उतरलेलं. सोबत सासू. घरी चार महिन्यांचं बाळ. सुनेच्या मनात एक प्रश्न आहे आणि तो ती विचारल्याशिवाय सांगणार नाही, एवढंच दोघींना माहीत.

पहिला विद्यार्थी अभ्यासात हुशार. त्याचे प्रश्न एकामागून एक अचूक. खोकला कोरडा की कफाचा, रक्त पडतं का, घरात कुणाला टीबी होता का. प्रत्येक प्रश्नाला सासूने उत्तर दिलं. सहाव्या मिनिटाला त्याच्याकडे क्षयरोगाची हिस्ट्री पूर्ण होती आणि सुनेचा आवाज त्याने एकदाही ऐकला नव्हता.

रुग्णकेंद्री वैद्यकावरची पुस्तकं बहुतेक इंग्लंड-अमेरिका-कॅनडातली. एनिड बालिंट यांनी १९६९ मध्ये ही संज्ञा मांडली, पुढे कॅनडात मॅक्विनी आणि सहकाऱ्यांनी तिची पद्धत बसवली, केंब्रिज आणि कॅलगरीतल्या शिक्षकांनी तिची पायरी-पायरीने मार्गदर्शिका केली. त्या सगळ्यांचं मला मोल आहे. पण त्या पुस्तकांतल्या खोलीत बहुधा दोनच खुर्च्या असतात. आमच्या खोलीत सासू असते, नवरा असतो, कधी गावचे सरपंचही असतात. त्यांना बाहेर काढलं तर अपमान होतो, आणि घरी गेल्यावर त्याची किंमत रुग्ण मोजतो. त्यांना बोलू दिलं तर रुग्ण मुका राहतो.

दुसरी विद्यार्थिनी जालन्याची. तिने आधी सासूकडे पाहून नमस्कार केला, त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “आई, तुम्ही सगळं नीट लक्षात ठेवलंत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. आता मला यांची छाती तपासायची आहे. तुम्ही जरा बाहेर बसता का? सिस्टर आहेत इथे.” सासू मानाने बाहेर गेली. हा धडा कुठल्याही पुस्तकातून तिला मिळालेला नाही, आपल्या घरातून मिळालेला आहे. माझं काम एवढंच की तो तिने दवाखान्याच्या दाराबाहेर काढून ठेवू नये.

मग तिने सुनेला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?” आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने १९७८ मध्ये सुचवलेल्या प्रश्नांपैकी हा एक. सून म्हणाली, “मला काय ठाऊक मॅडम, डॉक्टर तुम्ही.” अगदी खऱ्या रुग्णासारखं. हा प्रश्न आपल्याकडे सरळ विचारला तर परीक्षा घेतल्यासारखा होतो. मी खूण केली तशी तिने वळण घेतलं, “घरातले, गावातले काय म्हणतात यावर?” दुसऱ्यांचं मत सांगायला कुणी लाजत नाही. सुनेने सांगितलं, बाळंतपणात थंड खाल्लं म्हणतात, जाऊबाई म्हणतात ही माहेराहूनच घेऊन आली. आणि मग खाली बघत, “बाळाला पाजू का नको? दोन दिवस झाले, जवळ घेतलं न्हाई.”

खरी बाई असती तर या प्रश्नाचं उत्तर मिळायच्या आत घरी गेली असती. उत्तर सोपं आहे. औषध सुरू करा, तोंडावर मास्क बांधा, बाळाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध द्या आणि पाजत राहा.

चर्चेला बसलो तेव्हा आधी विद्यार्थी स्वतः काय जमलं ते सांगतात, मग गट, मग त्या दोघी, शेवटी मी. सुनेचं काम करणारी मुलगी पहिल्या विद्यार्थ्याला म्हणाली, “तुम्ही मान खाली घालून लिहायला लागलात तेव्हा मी ठरवलं, यांना नाही सांगायचं.” मुलाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मी बोलण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त झाला.

एक मात्र मी नेहमी खोडून काढते. परीक्षेच्या ऑस्कीत, म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या टेबलांवरच्या परीक्षेत, सहानुभूतीला गुण असतात. म्हणून मुलं एक वाक्य पाठ करून येतात, “मी तुमच्या भावना समजू शकतो.” आपल्या भाषेत असं कुणी कुणाला म्हणतं का? आजीच्या खाटेशी बसलेली शेजारीण म्हणते, “लई सोसलंत हो.” म्हणते, “अवघड झालं की तुमचं.” कधी नुसतं “अगं बाई!” म्हणून गप्प बसते. मुलांना मी सांगते, घरी आजीशी जसे बोलता तसे बोला. आणि शब्द सुचला नाही तर पाणी विचारा.

५.००

भेटीची वेळ संपत आलेली. लातूरची विद्यार्थिनी वॉर्डात परत आली आहे, तिला कुणी बोलावलेलं नाही. रेसिडेंटने मावशींच्या इन्सुलिनची नवी आखणी केली आहे. सकाळची मात्रा कमी केली आणि तिची वेळ घड्याळाऐवजी फडातल्या पहिल्या भाकरीशी बांधली. पहाटे निघताना चहासोबत थोडं खायचं, गूळ कनवटीला ठेवायचा, बाटली मडक्याच्या गारव्यात. मुलीने हे समजावलं आणि मग “समजलं ना?” असं न विचारता म्हणाली, “मी नीट सांगितलं का ते बघायचंय. मालकांना तुम्ही कसं सांगाल, ते मला सांगा बरं.” मावशींनी सांगितलं. गुळाचं राहिलं, ते पुन्हा झालं. पाणी भरपूर प्यायला हवं हेही ठरलं, पण आडोसा कुठला, याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मुलीने ते तसंच मावशींना सांगितलं. केसपेपरवरचा तो शब्द रेसिडेंटने खोडून त्या जागी दोन ओळींत कारण लिहिलं आहे.

९.००

विद्यार्थ्यांची चिंतनं वाचते. प्रत्येक ॲटकॉम तासानंतर त्यांनी लॉगबुकात लिहायची असतात. काही एकमेकांची उतरवलेली असतात, ती लगेच कळतात. पण आज एका मुलाने सरळ लिहिलं आहे. सकाळी आम्ही दोन मिनिटं ऐकायला शिकलो, अकरानंतर ज्या टेबलावर बसलो तिथे प्रत्येक रुग्ण अर्ध्या वाक्यात तोडला गेला, तर खरं काय मानायचं?

त्याचा प्रश्न अगदी योग्य आहे. फ्रेडरिक हॅफर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९९४ पासून ज्याला छुपा अभ्यासक्रम म्हटलं, तो हाच. मुलं आमचं ऐकतात थोडं, आम्हाला बघतात फार. हजार तास ॲटकॉमचे ठेवले तरी ते एका ओपीडीतल्या एका सकाळीपुढे टिकणार नाहीत, जर त्या सकाळी मोठे डॉक्टर वेगळे वागले. त्यामुळे मुलांना शिकवणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं सहकाऱ्यांकडे आहे.

म्हणून मी त्यांच्याकडे शंभर रुग्ण मागत नाही. एका ओपीडीत एक रुग्ण, मुलांच्या देखत, मधे न तोडता. तो कोणता, हे त्यांनीच ठरवायचं. सर्जरीतल्या सहकाऱ्यांना आज रात्री फोन केला. गर्दीचं सांगून झाल्यावर त्यांनी दोन रुग्ण कबूल केले, अट एकच, घड्याळ विद्यार्थ्याच्या हातात हवं आणि आकडा त्यांनाही कळायला हवा. उद्या अकराला चार मुलं त्यांच्याकडे पाठवते आहे. स्त्रीरोग विभागात सोमवारी जाईन.